भादव्यातला ड्रॅगन

काल दुपारी डोंगराकडे गुरगुर झाली. गणपती गेल्यावर थोड्या दिवसांनी आमच्याकडे हे सुरू होतं. सकाळी अंगाला चिकटणारं ऊन, आणि जेवणं आटोपली की पूर्वेचा डोंगर काळा पडत जातो. आषाढातला पाऊस समुद्रावरून येतो. तो येताना दिसतो, दोरीवरचं उचलायला वेळ देतो. हा परतीचा पाऊस पाठीमागून येतो. समुद्र तेव्हा तेलासारखा गप्प पडलेला असतो आणि आपण त्याच्याकडेच बघत बसतो. मग मागे कोणीतरी रिकामं पिंप ढकलल्यासारखा आवाज होतो. मान वळवेपर्यंत वीज पडून गेलेली असते.

मला या दिवसांची भीती वाटते असं नाही. या वयात भीती फारशी राहत नाही, कंटाळा राहतो. पण ती गुरगुर ऐकली की मी पडवीतली लाकडं एका अंगाला लावते आणि जमीन झाडून घेते. माझी नात स्नेहल पुण्याला नोकरी करते. या दिवसांत ती सुट्टी काढून येते, तिची टोळी जमते, आणि त्यांना पडवी लागते. तिथे बसून ती मंडळी ड्रॅगनशी लढतात. बारा-तेरा जण. काही आमच्या गावची, काही बोर्लीची, लग्न झालेली, पोटाला लागलेली माणसं. लोक मला विचारतात, म्हातारे, हे काय चालतं तुझ्याकडे. मी सांगते, तुमच्या टीव्हीपेक्षा बरं आहे.

मी चौथीपर्यंत शिकले. ड्रॅगन म्हणजे काय ते मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं. स्नेहलने मोबाइलवर चित्र दाखवलं तेव्हा मी म्हटलं, ही तर घोरपड, पंख लावलेली. ती म्हणाली, आजी, ही आग ओकते आणि हिला माणसाची भाषा कळते. मग मी चित्र पुन्हा नीट पाहिलं. आग ओकणारं जनावर परवडलं. बोललेलं कळणारं जनावर वाईट.

खेळ सुरू झाला तो वादळाच्या वर्षी. कॉलेजं बंद म्हणून स्नेहल घरी आली होती, आणि त्याच जूनमध्ये वादळ आलं. वादळाबद्दल लोक फार बोलतात, मी थोडंच सांगते. सकाळी वाडी होती, संध्याकाळी नव्हती. नारळ मुळासकट आडवे झाले. सुपाऱ्या मधोमध मोडल्या. जे माड उभे राहिले त्यातल्या काहींची डोकी गेली होती, नुसते खांब. पाहुण्यांसाठी बांधलेल्या दोन खोल्यांचे पत्रे आम्हाला पार पलीकडच्या विहिरीपाशी सापडले. पडवीवरची कौलं तेवढी टिकली. त्यानंतर कितीतरी आठवडे वीज नव्हती. मुलं सकाळी पडलेली झाडं कापायची, आणि पाऊस वाढला की आमच्या पडवीत येऊन बसायची. बोलायला काही नसायचं. सगळ्यांचं सारखंच गेलेलं, मग कोण कोणाला काय सांगणार. तेव्हा स्नेहलने हॉस्टेलवर शिकलेला हा खेळ काढला.

खेळ म्हणजे नुसतं बोलणं. एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कोणी तलवारवाला, कोणी मंत्र टाकणारी, कोणी चोर. चालवणारा सांगतो, समोर दरी आहे. मग ज्याचा टर्न असेल तो सांगतो, मी उडी मारतो. जमलं की नाही ते फासा ठरवतो. हा फासा वीस बाजूंचा असतो, जवळजवळ गोल. आकडा मोठा पडला तर पलीकडे गेलात, लहान पडला तर दरीत.

कोण कुठे उभा आहे ते कळावं म्हणून जमिनीवर खडूने गुहा, नदी, डोंगर काढायचे, आणि प्रत्येक माणसासाठी एक सुपारी मांडायची. वाडीत दुसरं काय उरलं होतं. प्रत्येकाने आपल्या सुपारीवर रंगाचा ठिपका दिला. बोर्लीच्या इरफानचं चिकनचं दुकान आहे. तो म्हणायचा, आजी, मुंबईत कोणाला सांगू नका आम्ही दुपारी सुपाऱ्या टाकतो म्हणून, पोलीस येतील.

शेजारच्या कुसुमचा नितीन त्या वर्षी घरीच होता. तो माल नेणाऱ्या जहाजावर कामाला होता आणि दोन नोकऱ्यांच्या मधले महिने गावात काढायचा. अंगाने दांडगा, दोन माणसांचा ओंडका एकटा उचलणारा. पण खेळात पक्का भित्रा. लढाई लागली की त्याची सुपारी सगळ्यांच्या मागे. इतरांनी शिव्या घातल्या की म्हणायचा, सगळेच मेले तर घरी जाऊन सांगायला कोणी नको का.

पहिला ड्रॅगन त्याच भादव्यात आला, आणि फुकट गेला. स्नेहलने त्याच्यासाठी रात्रंदिवस डोकं चालवलं होतं. नारळाच्या फुलोऱ्यावरचं होडीसारखं वाळलेलं साल, पोय म्हणतो आम्ही, ती तिने पालथी घालून गुहेत ठेवली. तोच ड्रॅगन. पण एका बाजूला बारा माणसं आणि एका बाजूला एक जनावर. बारा जणांनी बारा वार करायचे आणि मग त्याने एक पंजा मारायचा. त्यात पुन्हा एकाचा टर्न झाला की बाकीचे उठून तंबाखू मळायला जायचे आणि परत आल्यावर विचारायचे, कुठपर्यंत आलं. चहा व्हायच्या आत ड्रॅगन मेला. नितीन म्हणाला, ह्याच्यापेक्षा आपल्या स्टँडवरचा कुत्रा बरा, दोघांना तरी चावतो.

सगळे हसले. मीही म्हटलं, दावणीला बांधलेल्या बैलासारखा हा उभा राहून आपल्या वेळेची वाट बघतो, ह्याला कोण घाबरणार. स्नेहलने माझ्याकडे पाहिलं, मग त्या पोयीकडे पाहिलं. मग ती शांतपणे म्हणाली, "हे पिल्लू होतं. ह्याची आई आत आहे."

हसणं थांबलं. पाऊस पडत होता तरी मला ते थांबलेलं ऐकू आलं.

त्या वर्षी आई बाहेर आली नाही. वीज आली, कॉलेजं उघडली, नितीनला जहाजावरून बोलावणं आलं. जाताना तो स्नेहलला दम भरून गेला, मी नसताना तिला बाहेर काढायचं नाही. पुढे फोन करायचा तेव्हाही आधी आईशी, मग स्नेहलशी, आणि तिच्याशी एकच बोलणं. ती झोपली आहे ना अजून? झोपू दे. मी येतो मग उठव.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात कुसुमला फोन आला. तो हिंदीत होता, म्हणून ती फोन घेऊन माझ्याकडे धावत आली, जसं काय मला हिंदी येत होतं. स्नेहलने घेतला. जहाजावर सकाळी माणसं मोजली, त्यात नितीन नव्हता. रात्री होता, सकाळी नव्हता. समुद्र शोधला, मिळाला नाही. एवढंच. कोणत्या देशाजवळचा समुद्र तेही आम्हाला नीट कळलं नाही. नंतर त्याची बॅग आली. कपडे, साबणाची डबी, एक नवी कोरी साडी, घडी न मोडलेली. माणूस आला नाही आणि माणूस मेला असंही कोणी लिहून दिलं नाही.

समुद्राकाठच्या माणसांना बुडणं नवीन नाही. पण इथला बुडालेला कधीतरी काठाला लागतो. वाईट दिसतं, पण लागतो. मग रडता येतं, जाळता येतं, डोकं धुता येतं. नितीनच्या बाबतीत कुसुमला यातलं काहीच करता आलं नाही. बोर्लीच्या भटजींना विचारलं तर ते म्हणाले, प्रेत नाही तर घाई करू नका, बारा वर्षं वाट बघायची असं सांगितलेलं आहे. त्यानंतर पळसाच्या पानांचा माणूस करायचा आणि तो जाळायचा. कुसुम तेव्हा साठीला आली होती. बारा वर्षं थांबायला सांगणं भटजींना सोपं होतं.

ती रडली नाही. सांत्वनाला आलेल्या बायकांना चहा देऊन वाटेला लावलं. आहे म्हणायची नाही, गेला म्हणायची नाही. नितीनबद्दल बोलताना क्रियापदच गिळायची. नितीनला भेंडीची भाजी, आणि पुढे गप्प.

आणि मग त्याच्या पुढचा भादवा आला, ज्याबद्दल मी सांगते आहे.

त्या वर्षी गणपतीला टोळी जमली तेव्हा स्नेहलने ठरवलं होतं की आता त्या पिल्लाच्या आईला बाहेर काढायचं. तिने तयारी केली होती ती मला दिसत होती. हा ड्रॅगन आपल्या वेळेची वाट बघणार नव्हता. दोघा-तिघांचे वार झाले की मध्येच तो काहीतरी करणार. शेपटी फिरवणार, धुरात नाहीसा होणार, भलत्याच बाजूने खाली येणार. गुहासुद्धा त्याच्याच बाजूने लढणार, वरून दगड पाडणार, टोळीचे दोन तुकडे करणार, म्हणजे एका तुकड्याला दुसऱ्याचं नुसतं ओरडणं ऐकू येईल. मोबाइल आधी सुपात जमा. आणि कोणाचाही टर्न चालू असताना पुढच्याचं नाव ती घेणार, म्हणजे कोणी तंबाखू मळायला उठायचं नाही. मला ती म्हणाली, आजी, बारा माणसं घाबरवायची तर बारा जणांना वाटलं पाहिजे की ती माझ्याकडेच बघते आहे. मी म्हटलं, वादळ तसंच होतं.

पहिल्या दिवशी तिने सुपाऱ्या मांडल्या. डबा ओतला आणि एकेक ओळीत ठेवत गेली. शेवटी निळ्या ठिपक्याची, नितीनची ठेवली. हाताने ठेवून दिली, डोक्याला उशिरा कळलं. प्रथमेश हा नितीनचा लहानपणापासूनचा दोस्त, सहा आसनी चालवतो. तो हळूच म्हणाला, ती उचल. स्नेहल म्हणाली, त्याला न घेता काढणार नाही असं मी कबूल केलं होतं. सुपारी तिथेच राहिली, सगळ्यांच्या मागे, जिथे तो उभा राहायचा.

त्यांची चूक झाली ती इथे. आमच्याकडे पूजेला बायको हजर नसली तर नवऱ्याच्या कमरेला सुपारी खोचतात. ती सुपारी म्हणजे बायको. देवाची मूर्ती नसली तर तांदळावर सुपारी मांडतात, तोच गणपती. एकदा नाव घेऊन सुपारी मांडली की मग ती सुपारी राहत नाही, आणि वाटेल तेव्हा उचलून डब्यातही टाकता येत नाही. या मुलांना हे माहीत होतं, प्रत्येकाच्या घरी होतं हे. पण रोजच्या खेळात ते विसरले.

दुसऱ्याच दिवशी कुसुम विरजण मागायला आली. पडवीत खडूची गुहा, सुपाऱ्यांची ओळ. ती बघत उभी राहिली आणि तिने विचारलं, हा मागं कोण? इरफानने विषय बदलायचा प्रयत्न केला. प्रथमेशला खोटं बोलता येत नाही. तो म्हणाला, नितीन आहे, काकी.

कुसुमने विरजणाची वाटी खाली ठेवली आणि त्या सुपारीच्या मागे भिंतीला टेकून बसली.

त्यानंतर ती रोज आली. खेळ असो नसो, दुपारी येऊन तिथे बसायची. मुलांची पंचाईत झाली. सुपारी उचलता येईना आणि लढाईला हात लावता येईना. टोळी गुहेच्या तोंडाशी आली की स्नेहल आज इथे थांबू म्हणायची. चार वेळा थांबली. कधी नदीतच दिवस घालवला, कधी गुहेबाहेर कोण्या म्हाताऱ्याशी बोलण्यात. स्नेहल मला चुलीपाशी येऊन म्हणाली, त्याच्यावर आग कशी टाकू गं आजी, त्याची आई बघते आहे. मी म्हटलं, मग टाकू नको. ती म्हणाली, सगळ्यांवर टाकून त्याच्यावर नाही टाकली तर तो मेला आहे हे मीच सांगितल्यासारखं होईल.

मी चुलीत लाकूड सारलं.

बाहेर रोज दुपारी डोंगर काळा पडायचा आणि पाऊस पडायचा नाही. नुसतं गुरगुरणं. भात पोटरीतून बाहेर पडून वाकायला लागलं होतं आणि सगळे मान वर करून चालायचे. एका दुपारी कोरडी वीज पडली आणि खाडीकडच्या वाडीतला एक माड उभ्या उभ्या पेटला. शेंड्याला आग आणि खाली हिरवीगार वाडी. आम्ही बघत राहिलो. त्याला विझवणार कसं. खेळायला आलेल्यांपैकी कोणीतरी हळूच म्हणालं, ती जागी झाली.

पितृपक्ष लागला. कुसुमच्या नवऱ्याची तिथी आली, तिने स्वयंपाक केला, पान वाढून मागल्या दारी ठेवलं. कावळा येईना. कावळे फांदीवर बसले, बघत राहिले, पण शिवेनात. ऊन कलंडलं. बायका जमल्याच होत्या. बोलायचं ते बोलल्याच, बाप पोराचं विचारतोय. एकीने सरळ विचारलं, कुसुम, नितीनचं पान न्हाय का वाढायचं? शेवटी पान गाईला दिलं. कुसुम तशीच उठून आमच्या पडवीत आली आणि जागेवर बसली. जेवलेली नव्हती. मी ताट दिलं तर म्हणाली, ठेव.

सर्वपित्री अमावास्येच्या आदल्या दिवशी रविवार होता. सगळी टोळी हजर होती, दुसऱ्या दिवशी प्रत्येकजण कामाला जाणार होता, आणि आता थांबायला काही कारण उरलं नव्हतं. जेवणानंतर स्नेहलने पोय गुहेत ठेवली. ही पोय मोठी होती, वादळात पडलेल्या माडाची, काळी झालेली. तिने सांगायला सुरुवात केली तेव्हा बाहेर इतकं अंधारून आलं होतं की मला देवापुढचा दिवा आणून खांबापाशी ठेवावा लागला.

स्नेहल गोष्ट सांगते तेव्हा तिचा आवाज खाली जातो. आत धूर आहे. पायाखाली हाडं आहेत. मधोमध मोकळी जागा आहे आणि तिथे काहीतरी ठेवलं आहे. कोणी पुढे जाऊन बघितलं, ते पिल्लाचं डोकं होतं, त्यांनीच कापलेलं. आईने ते जपून ठेवलं होतं.

मग ती मागून आली. सगळे गुहेत पुढे बघत होते आणि ती त्यांच्या मागून, तोंडाकडून आत आली. त्यांची वाटच तिने अडवली. टोळी वळली, आणि निळी सुपारी सवयीने पुन्हा सगळ्यांच्या मागे गेली. प्रथमेशने वार केला, आणि दुसऱ्याचा टर्न येण्याआधीच शेपटी फिरली, तिघे भिंतीवर आपटले. मंत्रवालीने मंत्र टाकला तोवर वरून दगड सुटले आणि टोळीचे दोन भाग झाले. इरफान नेहमी मध्ये काहीतरी बोलतो. तो त्या दिवशी गुडघ्यावर बसून फासा मुठीत धरून होता. मुलं एकमेकांना नावाने हाका मारत होती, आणि मधला दगड खडूचा आहे हे कोणाच्या लक्षात नव्हतं.

मी स्नेहलच्या पाठीमागे बसले होते. आपले फासे ती उभ्या पुठ्ठ्याआड टाकते, इतरांना दिसू नयेत म्हणून. मला दिसत होते. ड्रॅगनचा अठरा पडायचा आणि ती नऊ म्हणायची. सतराचे आठ करायची. ती त्यांना वाचवत होती. तरीसुद्धा ते हरत होते, कारण वाट बंद होती.

कुसुम एकदाच बोलली.

"हिचंच पिल्लू मारलं ना तुम्ही?"

"हो काकी," प्रथमेश म्हणाला.

"मग ती न्हाय सोडायची."

बाहेर विजेने अंगण पांढरं केलं. स्नेहल म्हणाली, ती तोंड उघडते. गुहेत लपायला जागा नाही. आग सगळ्यांवर येते. सगळ्यांनी फासा टाका.

सगळे म्हणताना ती थांबली नाही. कोणालाही वगळलं नाही. मला तेव्हा तिचा अभिमान वाटला आणि रागही आला.

एकेकाने टाकला. कोणी होरपळला, कोणी वाचला. मग निळा ठिपका राहिला. प्रथमेशने त्याच्यासाठी फासा उचलला तर कुसुमने हात पुढे केला. मी टाकते, म्हणाली. फासा तिने हातात घेऊन नीट बघितला, जसा बाजारात आंबा बघतात, आणि टाकला. तो जमिनीवर बराच फिरला आणि थांबला.

वीस. त्याहून मोठा आकडा त्या फाशावर नाही.

मुलांनी एकच गिल्ला केला. पाठ थोपटली, कोणी टाळ्या वाजवल्या. इरफानचे डोळे भरले. नितीनला काही झालं नव्हतं, आग बाजूने गेली होती, केसही जळला नव्हता. सगळे कुसुमकडे बघत होते, ती हसेल म्हणून.

ती फाशाकडे बघत होती. तिचा चेहरा मी ओळखते, आम्ही चाळीस वर्षं शेजारी आहोत. कावळा न शिवल्यावर होता तोच चेहरा.

"परत टाकू का गो?" तिने स्नेहलला विचारलं.

इरफानला वाटलं तिला कळलं नाही. त्याने समजावलं, काकी, चांगलं पडलंय, वाचला तो. कुसुम म्हणाली, ते कळलं मला.

मग मुलांना एकामागून एक कळत गेलं, आणि ते कळताना त्यांचे हात मांडीवर येत गेले. आम्ही सगळे धरून चाललो होतो की आई पोराला जपायला बसते आहे. ती त्याला सोडायला बसली होती. बारा वर्षं थांबायची ताकद तिच्यात नव्हती, आणि गेला हा शब्द आपल्या तोंडाने काढायची तर मुळीच नव्हती. दुसऱ्या कोणीतरी तो काढावा म्हणून ती रोज दुपारी येऊन भिंतीला टेकत होती. आणि फाशाने त्याला वाचवलं होतं.

स्नेहल तेव्हा चोविशीची होती. तिच्या वयाच्या मुलीला असं काही करायला लावू नये. ती म्हणाली, "परत नाही टाकता येत, काकी. पण आता त्याचा टर्न आहे. तो काय करतो ते तुम्ही सांगायचं."

कुसुम पुढे सरकली. गुडघे दुखतात तिचे, हात टेकत टेकत आली. तिने निळ्या ठिपक्याची सुपारी दोन बोटांनी उचलली आणि सगळ्यांच्या मधून, प्रथमेशच्या पुढे, पडलेल्या दगडाला वळसा घालून त्या काळ्या पोयीच्या तोंडाशी नेऊन ठेवली. मग मुलांशी नाही, त्या पोयीशीच बोलली. आवाज रोजचाच, दारावर आलेल्या माणसाशी बोलतो तसा.

"तुझं एक गेलं. ह्यो घे. बाकीच्यांना जाऊ दे."

स्नेहलने पुठ्ठ्याआड फासा टाकला. मी वाकून पाहिलं. तीन पडले होते. तिनाने काही होत नाही, तिनाने ड्रॅगनचा पंजा हवेत जातो. स्नेहलने तो आकडा बघितला, बराच वेळ बघितला.

"एकोणीस," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं, फार नाही सांगितलं. तो पळाला नाही. ती त्याला घेऊन बाजूला झाली. वाट मोकळी झाली.

प्रथमेशने तोंडावर रुमाल धरला होता. बाकीच्यांनी आपापल्या सुपाऱ्या एकेक करून गुहेबाहेर काढल्या, आधी होरपळलेल्यांच्या. नुसता सुपाऱ्या सरकल्याचा आवाज होत होता. बाहेर पाऊस सुरू झाला तो केव्हा, कोणाला कळलं नाही. ज्या पावसाची इतके दिवस धास्ती घेतली तो साधाच पडत होता, सरळ, वाऱ्याशिवाय.

स्नेहलने पुठ्ठा आडवा केला आणि त्यावर डोकं ठेवलं. तिने तिनाचे एकोणीस केले हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही. आता सांगते, कारण कुसुमला ते माहीत आहे. नंतर तिनेच मला विचारलं होतं, खरं किती पडलं, आणि मी सांगितलं. तिने मान हलवली, बस्स.

तो ड्रॅगन मेला नाही. टोळीतले दरवर्षी त्याच डोंगरापाशी येतात, पण त्या गुहेत अजून कोणी गेलेलं नाही. स्नेहल विचारत नाही आणि तेही म्हणत नाहीत. लोक म्हणतात खेळच तो. असेल. मी इतकी वर्षं पूजा बघितल्या, त्याही मांडलेल्या सुपाऱ्याच होत्या.

त्या दिवशी शेवटची सुपारी बाहेर पडली तेव्हा कुसुमने विचारलं, सगळी भायेर आली का? इरफान म्हणाला, हो काकी, सगळे. ती भिंतीला धरून उठली. पदर डोक्यावर घेतला. ती पायरीवर चप्पल शोधत असताना मी तिच्या मागे गेले, पडेल म्हणून. पावसात उतरायच्या आधी तिने मागे न बघता मला विचारलं.

"वयनी, तुझ्या परसात अळू हाय ना?"

आहे, मी म्हटलं.

"सकाळी काढून ठेव. उद्याला दोन पानं वाढायची हायत."

ठेवते, म्हटलं.